विषपरीक्षेचें दप्तर : नरडाण्याच्या बाजारांतील एका डब्यावरून

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें शिरपुराकडे निघालें म्हणजे तापी ओलांडण्यापूर्वीं नरडाणा हें गांव लागतें. शिंदखेडें तालुक्यांतील हें गांव सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असून सडक व रेल्वे या दोहोंच्या सांध्यावर वसलेलें आहे. भोंवतालचा मुलूख कपाशीचा. पश्चिम खानदेशचा धुळें जिल्हा झाला, १९९८ सालीं त्यांतून नंदुरबार निराळा निघाला, गांवाशेजारीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें क्षेत्र उभें राहिलें. पण कपाशी व तिच्यावरील कीड ही जोडी कायम आहे. या गांवांतील जो लेख आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों तो शिलेवर कोरलेला नाहीं, ताम्रपटावरहि नाहीं. तो फवारणीच्या औषधाच्या डब्यावर छापलेला असून, शेतीचीं औषधें विकणाऱ्या कोणत्याहि दुकानांत पाहावयास मिळतो.

लेखाचें वर्णन असें. डब्याच्या दर्शनी चिठ्ठीचा सोळावा हिस्सा तरी एका चौकोनास दिलेला असतो. चौकोन कोनावर उभा केलेला, म्हणजे पत्त्यांतील चौकटीसारखा. मधल्या रेघेनें त्याचे दोन त्रिकोण पडतात; वरच्यांत इशारा आणि खालच्यांत रंग. रंग चार : तांबडा, पिवळा, निळा व हिरवा. तांबड्याच्या डोक्यावर कवटी, दोन हाडें व विष असा शब्द; पिवळ्यावर नुसता शब्द; निळ्यावर धोक्याची सूचना; हिरव्यावर केवळ सावधगिरीची. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं १९७१ सालीं जे नियम झाले त्यांनीं हें सर्व बांधून दिलेलें आहे. ज्यास अक्षरओळख नाहीं त्या सालदारासहि अर्थ कळावा असा या लेखाचा उद्देश असल्यामुळें, लिपीपेक्षां रंगावर भर दिला हें योग्यच झालें.

परंतु रंग कशावरून ठरतो? नियमांतील कोष्टक पाहिलें तर, तोंडावाटे दिलें असतां शरीराच्या दर किलो वजनामागें १ ते ५० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेनें निम्मे प्राणी मरत असतील तर रंग तांबडा, ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा, त्यापुढें हिरवा. कातडीवाटे दिलेल्या विषाचे आंकडे निराळे आहेत. तेथें तांबड्याची मर्यादा २०० पर्यंत व पिवळ्याची २००० पर्यंत जाते. शरीर कोणाचें, हें डब्यावर लिहिलेलें नसतें. तें प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पांढऱ्या उंदराचें, किंवा कातडीच्या बाबतींत बहुधा सशाचें असतें. म्हणजे नरडाण्याच्या बाजारांत शेतकऱ्याच्या हातीं जो रंग पडतो तो एका दूरच्या प्रयोगशाळेंतील मृत्यूच्या वहीचा गोषवारा आहे. मूळ वही कोठें आहे, ती कोणीं लिहिली, दुसऱ्या कोणास ती पाहावयास मिळते काय, आणि ती उघडी असती तर पुढच्या खेपेचे उंदीर वांचले असते काय, हे प्रश्न इतिहाससंशोधकाचे आहेत. रसायनांच्या चाचणींत प्राण्यांऐवजीं दुसरे उपाय योजावे कीं नाहीं याची चर्चा सध्यां शास्त्रज्ञ व दयाधर्मी लोक यांच्यांत चाललेली असते. तींत दप्तराची बाजू क्वचितच मांडली जाते. ती मांडणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

आपल्याकडील विषपरीक्षेचे जुने पुरावे वाचकांस परिचित आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत हातीं लागून १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं ती छापली. तींत राजाच्या अन्नाचा अंश आधीं अग्नीस व पक्ष्यांस द्यावा असें सांगितलें असून, विषाजवळ कोणत्या पक्ष्याची काय अवस्था होते हेंहि दिलें आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत हाच विषय अधिक विस्तारानें येतो. तेथें पक्ष्यांबरोबर हरिण व वानर यांचीहि योजना आहे. राजवाड्यांत हीं जनावरें बाळगावीं तीं शोभेसाठीं आणि जीवरक्षणासाठींहि, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे.

आतां हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे. जीवंजीवक पक्षी अर्थशास्त्रांत ग्लान होतो, सुश्रुतांत मरतो. कोकिळ अर्थशास्त्रांत मरतो, सुश्रुतांत त्याचा केवळ स्वर बिघडतो. क्रौंच मात्र दोहोंकडे माजतो. चकोराचे डोळे पालटतात याविषयीं एकमत दिसतें, पण ते लाल होतात कीं त्यांचा रंग उडतो याविषयीं भाषांतरकारांत दुमत आहे. असा पाठभेद कां पडावा? आमच्या मतें याचें कारण उघड आहे. एका पिढीनें कदाचित् कांहीं पाहिलें असेल. पुढच्या पिढ्यांनीं तें पाहिलें नाहीं, उतरून घेतलें. कोणतें विष, किती मात्रा, किती पक्षी, किती वेळ, यांपैकीं एकहि गोष्ट नोंदली गेली नाहीं. सबब आज या यादीवरून विषाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. पक्षी मात्र मेले.

अर्थशास्त्रांतील अग्निपरीक्षेची गोष्ट निराळी आहे. विषारी अन्न अग्नींत टाकलें असतां ज्वाला व धूर निळे होतात व तडतड आवाज होतो असें अर्थशास्त्र सांगतें. सोमलाची पूड जळत्या कोळशावर टाकून पाहिली तर लसणासारखा दर्प येतो हें जुन्या वैद्यांस ठाऊक होतें, आणि त्याची ज्वाला निळसर पांढरी असते हें आधुनिक रसायनशास्त्रहि मान्य करतें. प्राण्याचा जीव न घेतां विष ओळखण्याचा आपल्या ग्रंथांतील हा जुना प्रयत्न होय, आणि पक्ष्यांच्या यादीपेक्षां तो अधिक टिकाऊ ठरला असें म्हणावयास हरकत नाहीं.

पोथ्या हाताळणाऱ्यांस हें द्रव्य परकें नाहीं. लेखकाच्या हातून अक्षर चुकलें म्हणजे तें हरताळाच्या लेपानें बुजवीत, आणि हरताळ फासणें हा वाक्प्रचार तेथूनच मराठींत रूढ झाला. हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचा संयोग. सोमलाचा सख्खा भाऊ. पिवळ्या लेपाचीं पानें चाळतांना बोट जिभेस लावून पान उलटण्याची संवय कित्येकांस असते. ती त्यांनीं सोडावी.

पाश्चात्य देशांतहि सोमलाच्या परीक्षेस फार काळ कुत्र्यामांजरांवरच भरंवसा होता. संशयित अन्न जनावरास घालावयाचें व वाट पाहावयाची. १८३६ सालीं जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञानें कांचेच्या नळींत सोमलाचा काळा चकचकीत आरसा धरून दाखविण्याची रीत प्रसिद्ध केली आणि या एका विषापुरतें तरी जनावराचें काम संपलें. सोमलाच्या रासायनिक परीक्षेचा महाराष्ट्राच्या इतिहासाशीं प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजीं बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेर यानें पपनसाच्या सरबताचा घोट घेतला, त्यास चव विचित्र लागली व त्यानें पेला ओतून दिला. तळाशीं जो गाळ राहिला तो रेसिडेन्सीचा डॉक्टर सीवर्ड यानें तपासला आणि मुंबईस सरकारी रासायनिक पृथक्करणाधिकारी डॉक्टर ग्रे याजकडे पाठविला. गाळांत सोमल व हिऱ्याची पूड असल्याचा अभिप्राय पडला. पुढें मल्हारराव गायकवाडांवर कमिशन बसलें, युरोपियन व हिंदी सभासदांत दुफळी झाली आणि एप्रिल १८७५ मध्यें महाराज पदच्युत झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. महाराज दोषी होते कीं नव्हते हा वाद येथें नको. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पेल्यांत विष होतें हा मुद्दा कोणत्याहि पक्षानें कुत्र्यास सरबत पाजून ठरविला नाहीं. तो कागदावर नोंदलेल्या रासायनिक परीक्षेनें ठरला, आणि म्हणूनच दीडशें वर्षांनंतरहि आपणांस त्याची फेरतपासणी करतां येते.

सर्व विषें इतकीं आज्ञाधारक नसतात. वाटसरूंस धोतरा घालून लुटण्याचे प्रकार त्या काळीं पुष्कळ होत. परंतु धोतऱ्याची निशाणी रसायनानें पक्की पटत नसे, म्हणून त्याचा अर्क मांजराच्या किंवा सशाच्या डोळ्यांत थेंबभर टाकून बाहुली मोठी होते कीं काय हें पाहात. बचनागाची परीक्षा तर परीक्षक स्वतःच्या जिभेवर घेई व झिणझिण्या आल्या म्हणजे खात्री मानी. कातड्यासाठीं गुरांस सोमल घालण्याचा गुन्हा देशभर माजला होता, आणि १९०४ चा विषांचा कायदा होण्यास तें एक मुख्य कारण झालें. १९१९ सालीं तो कायदा नव्यानें केला गेला. या कायद्याखालीं परवानेदार विक्रेत्यास विक्रीची वही ठेवण्याची सक्ती करतां येत असे. या वह्या आज कोणाच्या माळ्यावर असतील त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. त्यांचें कारण पुढें येईल.

डब्यावरील आंकड्याची वंशावळ येथून निराळी फुटते. डिजिटॅलिस, इन्शुलिन, घटसर्पाचें प्रतिविष अशा औषधांचा जोर नुसत्या वजनावरून कळत नसे. प्रत्येक खेप प्राण्यावर मोजून पाहावी लागे. १९२७ सालीं जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, एकहि प्राणी न मरेल किंवा सर्व मरतील अशी मात्रा शोधण्यापेक्षां निम्मे मरतील ती मात्रा शोधावी, कारण तीच अधिक स्थिर असते. हीच ती एल. डी. ५० अथवा अर्धमारक मात्रा. ट्रेव्हनचा हेतु मर्यादित व योग्य होता. पण सोपा एकेरी आंकडा अंमलदारांस फार आवडतो. पाहतां पाहतां रंग, साबण, कीटकनाशकें, दौतीची शाई, प्रत्येकास हा आंकडा लागूं लागला आणि एका द्रव्यापायीं पन्नास-शंभर जनावरें खर्चीं पडूं लागलीं. १९४४ सालीं अमेरिकेंत जॉन ड्रेझ यानें सशाच्या डोळ्यांत द्रव्य घालून दाह मोजण्याची रीत घालून दिली. तीहि अशीच सर्वत्र पसरली.

हें सर्व क्रौर्याच्या हौसेनें झालें असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फानिलामाइड हें औषध डायएथिलीन ग्लायकॉल नांवाच्या गोडसर द्रवांत विरघळवून विकलें गेलें आणि शंभराहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, मूत्रपिंड निकामी होऊन मेलीं. विकण्यापूर्वीं तें एकाहि प्राण्यास दिलेलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं तेथें कायदा झाला व पूर्वचाचणी सक्तीची झाली. जनावरांच्या चाचणीमागें अशीं माणसांचीं प्रेतें आहेत हें विसरतां कामा नये.

परंतु याच द्रवाची पुढची हकीकत आमच्या मुद्याची आहे. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत चौदा रुग्ण मरण पावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्यें तोच डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेला होता. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. आतां हा द्रव विषारी आहे हें सिद्ध करण्यास १९८६ सालीं एकाहि उंदराची गरज होती काय? ती गोष्ट एकूणपन्नास वर्षांपूर्वीं माणसांच्या मरणानेंच नोंदली गेलेली होती. हवी होती ती ग्लिसरीनच्या पिंपांत ग्लिसरीनच आहे ना एवढें पाहणारी साधी रासायनिक ओळखपरीक्षा, आणि जुना कागद वाचणारा मनुष्य. भोपाळची गोष्टहि याच जातीची. मिथिल आयसोसायनेट या वायूचा प्राण्यांवरील परिणाम किमर्ले व एबेन या जर्मन संशोधकांनीं १९६४ सालीं एका जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध केला होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं भोपाळच्या दवाखान्यांत जे डॉक्टर उभे होते त्यांच्या हातीं तो कागद नव्हता. प्राण्यांनीं आपला जीव वीस वर्षांपूर्वीं दिलेला होता. त्याचा उपयोग माणसांस झाला नाहीं. आम्हांस ही दुहेरी हानि सर्वांत अधिक खटकते.

सुधारणेचा विचार १९५९ पासून धरतात. त्या वर्षीं विल्यम रसेल व रेक्स बर्च या दोघा इंग्रजांनीं माणुसकीच्या प्रयोगतंत्रावर एक ग्रंथ लिहिला आणि प्राण्याऐवजीं दुसरें साधन घेणें, प्राण्यांची संख्या घटविणें व त्यांचें दुःख कमी करणें अशी त्रिसूत्री मांडली. योगायोग असा कीं, पुढच्याच वर्षीं आपल्याकडे प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला. त्याचें मूळ रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत आणलेल्या विधेयकांत आहे. त्याच्या सतराव्या कलमांत, शक्य तेथें प्राण्यांवरील प्रयोग टाळावे, शिक्षणांत पुस्तकें, नमुने, चित्रपट यांनीं काम भागत असेल तर तींच वापरावीं, मोठ्या प्राण्याच्या जागीं लहान चालत असेल तर मोठा घेऊं नये, केवळ हाताच्या सरावासाठीं प्रयोग करूं नये, अशा अर्थाचीं वचनें आहेत. त्रिसूत्रीपैकीं पहिलें सूत्र आपल्या कायद्यांत इतक्या लवकर आलें ही अभिमानाची गोष्ट खरी. पण तें वचन दीर्घकाळ कागदावरच राहिलें. देखरेखीची समिति १९६४ सालीं नेमली गेली. प्रयोगांचे तपशीलवार नियम १९९८ सालीं झाले. आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें प्राणिशास्त्राच्या वर्गांतील बेडूक सोडविण्यास आरंभ केला तो २०११ सालीं. कलम व बेडूक यांच्यामध्यें एकावन्न वर्षें गेलीं.

खरा पालट घडविला तो शंकेखोर मोजणीनें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युरोपांतील अनेक प्रयोगशाळांकडून एकाच द्रव्याची अर्धमारक मात्रा काढवून पाहिली, तेव्हां उत्तरें परस्परांपासून कित्येक पटींनीं निराळीं आलीं. उंदराची जात, वय, आहार, उपास, खोलीची उष्णता, यांतील थोड्या फरकानेंहि आंकडा हलतो. पाठभेद केवळ पोथ्यांत पडतात असें नाहीं! इतक्या सैल आंकड्यासाठीं इतके प्राणी खर्च करणें शहाणपणाचें नाहीं हें लक्षांत आल्यावर, थोड्या प्राण्यांवर पायरीपायरीनें जाणाऱ्या तीन रीती निघाल्या, आणि आर्थिक सहकार व विकास संघटना म्हणजे ओ. ई. सी. डी. हिनें २००२ च्या डिसेंबरांत जुनी रीत आपल्या ग्रंथांतून काढून टाकली. नव्या रीतींत बहुधा सहा ते पंधरा प्राण्यांत काम होतें. नरडाण्याच्या डब्यावरील चार रंगांपैकीं कोणता द्यावा एवढेंच ठरवावयाचें तर मधला नेमका आंकडा लागतोच कशाला?

दुसऱ्या बाजूनें, प्राण्याची जागा घेणारीं साधनें एकामागून एक मान्य झालीं. माणसाच्या कातडीच्या पेशी कांचेच्या भांड्यांत वाढवून त्यांची पातळ त्वचा बनवितात व तिच्यावर रसायन ठेवून ती जळते कीं काय हें पाहतात. जळण्याची परीक्षा २००४ सालीं व दाहाची २०१० सालीं मान्य झाली. खाटिकखान्यांतून आणलेल्या बैलाच्या डोळ्याच्या बुबुळावर द्रव्य ठेवून तें किती गढूळ होतें हें मोजण्याची रीत २००९ सालीं आली; तीमुळें तीव्र दाहक द्रव्यें सशाच्या डोळ्यांत घालण्याचें कारण उरलें नाहीं. द्रव्य बीजघटकांत बिघाड करतें काय हें ब्रूस एम्स यानें १९७० नंतरच्या दशकांत सूक्ष्म जंतूंवर पाहावयास शिकविलें होतेंच. त्वचेस वांवडें येणाऱ्या द्रव्यांची परीक्षा पूर्वीं गिनीपिगांवर होई. २०२१ सालीं अनेक पेशीपरीक्षा व संगणकाचें अनुमान यांची जुळणी करून ती प्राण्यावांचून करण्याचा मार्गदर्शक मान्य झाला. भारतांत २०१४ सालीं सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद झाली, त्याच वर्षीं अशी चाचणी झालेल्या मालाची आयातहि बंद झाली, आणि २०२३ च्या मार्चमध्यें नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांवांचूनच्या परीक्षांस वाट मिळाली.

या सर्वांहून आमच्या वाचकांस जवळची अशी एक रीत आहे. तींत ना उंदीर लागतो ना पेशी. फक्त कागद लागतो. नव्या द्रव्याच्या रेणूची घडण पाहावयाची, तिच्याशीं मिळतीं जुळतीं जुनीं द्रव्यें हुडकावयाचीं, त्यांच्या चाचण्यांचीं टिपणें काढावयाचीं आणि साम्यावरून अनुमान बांधावयाचें. तुटलेल्या ताम्रपटाचा मजकूर त्याच घराण्याच्या दुसऱ्या पटावरून भरून काढतात, तीच ही युक्ति. युरोपीय संघाचा २००६ सालचा रसायनविषयक कायदा याच पायावर उभा आहे. पाठीच्या कण्याच्या प्राण्यावरील चाचणी हा शेवटचा उपाय समजावा, आणि एकानें ती केली असेल तर दुसऱ्यानें पुन्हां न करतां खर्चाचा वांटा देऊन तीच माहिती घ्यावी असा तेथें दंडक आहे. भारतानें २००२ सालीं उत्तम प्रयोगशाळा-आचाराची राष्ट्रीय देखरेख सुरू केली व २०११ सालीं परस्परमान्यतेच्या करारांत पूर्ण प्रवेश मिळविला. तेव्हांपासून येथील प्रमाणित प्रयोगशाळेंतील चाचणी परदेशांत मानली जाते, ती तेथें पुन्हां करावी लागत नाहीं.

पण साम्यानुमानाची इमारत जुन्या नोंदींच्या भरंवशावर असते, आणि जुन्या नोंदींची स्थिति आपण जाणतों. पुष्कळशी वही कंपन्यांच्या कुलपांत असते; कंपनी बुडाली कीं ती रद्दींत जाते. ज्या चाचणींत कांहींच झालें नाहीं ती छापण्याची कोणास हौस नसते. वस्तुतः निर्धोकपणाचा पुरावा तोच. मात्रा लिहिली पण द्रव्य किती शुद्ध होतें तें लिहिलें नाहीं, असेंहि आढळतें. असें एक टिपण निरुपयोगी झालें म्हणजे त्यामागचे प्राणी पुन्हां मारावे लागतात. चकोर व जीवंजीवक यांचें जें झालें तेंच पांढऱ्या उंदरांचें होतें.

विरुद्ध बाजूचें म्हणणेंहि नमूद केलें पाहिजे. वर्षानुवर्षें अल्पमात्रेनें अंगीं भिनणारें विष, गर्भावर होणारा परिणाम, शरीरांतील अंतःस्रावी ग्रंथींचा बिघाड, यांस पेशीपरीक्षा अद्याप पुऱ्या पडत नाहींत. या बाबतींत प्राणी आजच सोडून द्यावे असें म्हणणारे लोक फवारणी करणाऱ्या मजुरास प्राण्याच्या जागीं बसवितात असा आक्षेप येतो, व तो अगदींच खोटा नाहीं. मात्र त्याचें उत्तर यवतमाळानें दिलें आहे. २०१७ सालीं त्या कपाशीच्या जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाच्या घरांत माणसें मेलीं व शेंकडों आजारी झालीं. त्यांनीं वापरलेल्या औषधांच्या चाचण्या झालेल्याच होत्या; प्रत्येक डब्यावर रंग होता. परंतु दोन-तीन औषधें एका पंपांत मिसळलेलीं, कपाशी डोक्याइतकी उंच, अंगावर साधा सदरा, अशा स्थितींतील मनुष्याचा आंकडा कोणत्याहि उंदरानें दिलेला नव्हता. उंदीर अधिक मारून तो मिळालाहि नसता. नरडाण्याहून फार दूर नसलेल्या शिरपूर तालुक्यांतील वाघाडी येथें ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं रसायनांच्या कारखान्यांत स्फोट होऊन दहाहून अधिक माणसें मेलीं. द्रव्य केव्हां पेटतें व केव्हां फुटतें याच्या परीक्षा तर नेहमींच प्राण्यावांचून, भांड्यांत व उष्णतामापकावर होत आलेल्या आहेत. चाचणी करण्याची रीत सुधारणें एक, आणि तिचा निकाल पिंपाजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोंचविणें दुसरें. दुसरें काम कोणत्याहि नव्या यंत्रानें आपोआप होत नाहीं.

संग्राहकांनीं या कामीं काय करावें? प्रथम आपल्या घरचें पाहावें. पोथ्यांच्या कपाटांत एके काळीं डी. डी. टी. ची पूड सर्रास टाकीत; पुढें थायमॉलची धुरी, डांबरगोळ्या व दुसरीं द्रव्यें आलीं. शेतींतील डी. डी. टी. चा वापर भारतांत १९८९ पासून बंद आहे, पण बासनांत पडलेली पूड तशीच असते. वनस्पति म्हणून वेखंड निर्धोक मानून त्याच्या पुरचुंड्या ठेवणारे पुष्कळ आहेत. वेखंडाचें तेल उंदरांस खाऊं घातलें असतां गांठी होतात असें दिसल्यावरून अमेरिकेंत १९६८ सालीं तें अन्नांत घालण्यास बंदी झाली. बासनांतील पुरचुंडी व पोटांतील तेल यांत अंतर आहे हें खरें, तरी बाळाच्या गुटींत वेखंड उगाळणाऱ्यांनीं हें टिपण ध्यानांत ठेवावें. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारखे जे मोठे संग्रह आहेत त्यांच्या सूचींत, आणि खासगी संग्रहांच्या यादींतहि, एक रकाना वाढवावा अशी आमची सूचना आहे : पोथीवर किंवा कपाटांत कोणतें द्रव्य घातलें, केव्हां, किती, कोणत्या दुकानचें.

दुसरें, जुन्या औषधविक्रेत्यांच्या विषांच्या वह्या, बंद पडलेल्या कारखान्यांचीं व प्रयोगशाळांचीं चाचणीपुस्तकें, शेतकी खात्याचीं फवारणीविषयक पत्रकें, हीं ऐतिहासिक साधनें समजून गोळा करावीं. सोमल कोणत्या गांवीं किती खपे हें त्या वह्यांवरून कळेल, आणि आज एखाद्या विहिरींत किंवा गोदामाच्या मातींत आर्सेनिक सांपडलें तर त्याचा उगम हुडकावयास तीच वही उपयोगी पडेल. चाचणीपुस्तकांत मात्रा, प्राण्यांची संख्या व द्रव्याची शुद्धता हे तीन रकाने असले तर त्याची नक्कल एखाद्या विषशास्त्राच्या संस्थेस पाठवावी. न छापलेल्या निकालांची तेथें गरज आहे. तिसरें, कीटकनाशकांच्या चिठ्ठ्या. दर दहा-पंधरा वर्षांनीं द्रव्यें बदलतात, रंग मात्र तेच राहतात, त्यामुळें चिठ्ठी गेली कीं त्या काळीं शेतांत काय पडलें याचा पुरावा जातो. नरडाण्यासारख्या बाजाराच्या गांवीं राहणाऱ्या संग्राहकास हें काम सहज साधेल. चिठ्ठीचें छायाचित्र, विक्रीचें साल व गांवाचें नांव एवढें पुरे. रिकामा डबा संग्रहास आणूं नये.